सुवर्णकमळविजेत्या मराठी चित्रपटांतून सर्वश्रेष्ठ चित्रपट कसा निवडावा

सर्वप्रथम कोणता पुरस्कार प्रमाण मानायचा ते ठरवावे, कारण राज्य पुरस्कार, महोत्सवांतील पारितोषिके आणि राष्ट्रीय पुरस्कार एकत्र मोजू लागल्यास चर्चा भरकटते. राष्ट्रीय पुरस्कारांतही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रजतकमळ वेगळे आणि देशभरातील सर्व भाषांतून निवडलेल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ वेगळे. सुवर्णकमळाचीच अट ठेवली, तर ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी ‘श्वास’चे नाव येते आणि पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांची भर पडते. वर्ष पुरस्काराचे धरायचे की प्रदर्शनाचे, हेही तेव्हाच नक्की करावे. ‘कोर्ट’चा पुरस्कार २०१४ सालचा असला, तरी तो चित्रपटगृहांत २०१५ मध्ये आला.

त्यानंतर ‘श्यामची आई’नंतरचे हे चारही चित्रपट थोड्या दिवसांच्या अंतराने, सलग आणि परीक्षणे न वाचता पाहावेत. पुरस्कारांची बेरीज करू नये. ‘देऊळ’ला २०११ चे सुवर्णकमळ ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून मिळाले, म्हणून तो उणा ठरत नाही, ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होते, म्हणून ते आपोआप वरचढ ठरत नाहीत.

खरी कसोटी पुढे आहे. विषयाचे वजन बाजूला ठेवावे, कारण ‘श्वास’मधील नातवाच्या डोळ्यांचा कर्करोग किंवा ‘कासव’मधील तरुणाचे नैराश्य आपल्याला तसेही हलवून सोडते. दिग्दर्शकाने कॅमेरा, आवाज आणि वेळ यांतून काय साधले, हे तपासण्यासाठी प्रत्येक चित्रपटातील एक प्रसंग निवडून तो पुन्हा पाहावा. ‘कोर्ट’मधील सरकारी वकील बाईंचाच भाग घ्या. लोकशाहिरावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवून कायद्याची कलमे एकसुरात वाचणाऱ्या या बाई न्यायालयातून निघतात, लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात आणि कुटुंबासह नाटकाला जातात. कॅमेरा लांबवर स्थिर राहतो. त्यांना खलनायिका ठरवण्याची घाई दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कोठेही करत नाहीत, आणि म्हणूनच अन्याय किती सवयीने, किती सभ्यपणे घडतो हे प्रेक्षकाला स्वतःच उमगते. हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना अधिक जड वाटला, आणि माझ्या मते श्रेष्ठत्वाची याहून भक्कम खूण नाही.

शेवटी दोन चित्रपट बरोबरीत राहिले, तर त्यांचे शेवट ताडून पाहावेत. ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवले जातात आणि तरीही चित्रपट संपत नाही, तो सहलीला गेलेल्या न्यायाधीशांपर्यंत जातो. या धाडसामुळे माझे मत ‘कोर्ट’ला आहे. ज्यांचे ‘श्वास’ला असेल, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला जग दाखवायला बाहेर नेतात, तो भाग पुढे ठेवून आपली बाजू मांडावी.