जॉब कार्डवर पार्टचं नाव लिहू नका

जुनी गाडी घेतल्यावर तीन महिन्यांत मी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की थंड करणाऱ्या द्रवाला वाट देणारी झडप) बदलला, तो द्रव फिरवणारा वॉटर पंप बदलला आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला ‘हो’ म्हणायच्या बेतात होते. बिघाड निघाला रेडिएटरच्या फॅनच्या रिलेत. फॅनचा वीजप्रवाह चालू-बंद करणारी, काडेपेटीहून लहान डबी, दोन बोटांनी उपटून निघते.

मी ऑडिटमध्ये आहे. एकवीस वर्षं लोकांच्या व्हाउचरांवर लाल पेन चालवलं आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र गॅरेजच्या काउंटरवर न वाचता सही ठोकून आले. तेव्हा खाली जे आहे ते ठेच लागल्यानंतरचं शहाणपण आहे.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल. घेतल्यावर चौथ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकले आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. रस्ता मोकळा झाला, गाडी पळायला लागली तसा काटा आपोआप खाली. रात्री बसून बरंच वाचलं आणि ठरवून टाकलं की थर्मोस्टॅट गेलाय. सकाळी गॅरेजमध्ये जाऊन ऐटीत सांगितलं, “थर्मोस्टॅट बदलून द्या.” त्याने जॉब कार्डवर, म्हणजे काय काम करायचं ते नोंदवायच्या कागदावर, लिहिलं, ‘थर्मोस्टॅट बदलणे’. मी सही केली. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर. तणतणत गेले, तर त्याने शांतपणे कार्ड पुढे केलं. “मॅडम, तुम्ही सांगितलं ते केलं.”

आणि तो बरोबर होता. मी एक पार्ट बदलायला सांगितला, त्याने तो बदलला. गाडी तापायची थांबवायला मी सांगितलंच नव्हतं. गॅरेजशी होणाऱ्या भांडणांत खरी मेख बहुतेक वेळा इथेच असते. कार्डवर पार्टचं नाव असेल तर निदान तुमचं, आणि चुकलं तर भुर्दंडही तुमचा. कार्डवर लक्षण असेल तर कारण शोधायची जबाबदारी त्याची. म्हणून लिहून घ्यायचं ते असं: ‘गाडी उभी असताना, दहा-पंधरा मिनिटांत काटा अर्ध्याच्या वर जातो. पळताना उतरतो. एसी चालू असल्यास लवकर चढतो. कारण शोधून कळवावे. विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये.’ काउंटरवरचा माणूस कंटाळून ‘हीटिंग प्रॉब्लेम’ एवढंच खरडतो. पेन मागून स्वतः लिहा, फोटो काढा, मग सही.

हे लक्षण नीट सांगता यायला गाडीत एक वही ठेवा. बिघाड दिसला की इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, कितव्या गिअरमध्ये, एसी चालू की बंद, सरळ रस्ता की वळण की चढ, कुठला दिवा लागला, आणि काय केल्यावर थांबलं ते लिहा. शेवटचं विसरू नका, निम्मं निदान त्यातच असतं. उभी असताना तापणारी आणि पळताना थंड होणारी गाडी हवा कमी पडतेय म्हणून सांगते, म्हणजे आधी फॅन बघायचा. उलट हमरस्त्यावर वेगात तापत असेल तर संशय चोंदलेल्या रेडिएटरवर, वॉटर पंपावर किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटवर जातो. आवाजांचंही तसंच. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमीजास्त होणारी घुरघुर बहुधा व्हील बेअरिंगची. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेकच्या डिस्क. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सिलिंडरमध्ये शिरतंय. थंडीत सकाळी दोन मिनिटं निघणारी पांढरी वाफ मात्र कुणाच्याही गाडीची निघते, तिला घाबरू नका.

‘आमच्याकडे आल्यावर काही होत नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. त्यावर व्हिडिओ हा उपाय. चालवताना स्वतः काढू नका, शेजारच्याला काढायला सांगा. मीटर आणि इंजिनाचा आवाज दोन्ही यायला हवेत. थंड इंजिनचा बिघाड असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळचा पहिला स्टार्टर मिस्त्रीलाच मारू द्या. शक्य असेल तर ट्रायलला त्याच्या शेजारी बसा.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, थोडं, कारण त्याच्या जोरावर बरंच काही विकलं जातं. स्कॅनर पार्ट ओळखत नाही. कुठल्या मोजमापात गडबड आहे एवढंच तो सांगतो. पी ०४२० हा कोड आला की ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला’ असं छातीठोक सांगतात. कोडचा अर्थ एवढाच की धूर स्वच्छ करणाऱ्या या कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरजवळ गळती असली किंवा सेन्सर म्हातारा झाला असला तरी हाच कोड पडू शकतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. त्याला फाटलेला व्हॅक्यूम पाइपही कारण असतो, मळलेला एअर फ्लो सेन्सरही, गाडीतला अशक्त फ्यूएल पंपही. तेव्हा कोड पुसण्याआधी त्याचा नंबर आणि त्या क्षणाचे नोंदलेले आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम, लिहून मागा. पुसल्यावर ते परत मिळत नाहीत. गाडी विकत घेतानाही हाच स्कॅनर कामाला येतो. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना मॉनिटर म्हणतात, बहुतेक ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. ‘का काढली?’ एवढं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

दुसऱ्या खेपेला मी कार्ड स्वतः लिहिलं. दुपारी फोन आला, वॉटर पंप बदलावा लागेल. विचारलं, “कशावरून?” म्हणाला, “जुना आहे ना.” हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ऑफिसात असं व्हाउचर कुणी पुढे केलं असतं तर परत पाठवलं असतं. पण गाडीवाचून अडलं होतं, ‘करा’ म्हणाले. आठवड्याभरात काटा पुन्हा वर आणि या वेळी निदान हेड गास्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं. पुन्हा ‘कशावरून?’ आणि पुन्हा शांतता. तिथे मात्र मी थांबले.

हेड गास्केटचं काम मोठं. त्याच्या आधी किमान तीन तपासण्या तरी मागता येतात. कुलिंग सिस्टिमला हवेचा दाब देऊन तो टिकतो का बघणे, सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजणे, आणि रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून त्यातल्या निळ्या द्रवाचा रंग बदलतो का बघणे. पेट्रोल इंजिनात जळलेला वायू कुलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नये. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानेही धरतो. आणि गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

मग दुसरीकडे गेले. तिथे आधीच्यांनी काय सांगितलं ते मुद्दाम सांगितलं नाही, फक्त वहीचं पान दाखवलं. सांगितलं असतं तर त्यानेही त्याच रांगेत विचार केला असता. पोरसवदा मिस्त्री. त्याने इंजिन चालू ठेवलं, एसी लावला, बॉनेट उघडून वाकला आणि म्हणाला, “फॅन कुठे फिरतोय?” एसी लावला की फॅन फिरायला हवा, तो ढिम्म. इंजिन बंद करून त्याने फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, तो वाचला. हॉर्नचा रिले आणि फॅनचा रिले एकाच नंबरचे. त्याने हॉर्नचा उपटून फॅनच्या जागी बसवला, पुन्हा इंजिन, पुन्हा एसी. घर्र करून फॅन फिरला. मी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला, आवाज नाही. तो हसला. “आता हॉर्न गेला!” सगळा मिळून पाच मिनिटांचा खेळ. निळ्या द्रवाची तपासणीही करून घेतली. द्रव निळाच राहिला.

(फॅनजवळ बोटं नेऊ नका. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.)

आता कागद. मी त्याला म्हटलं, लेटरहेडवर लिहून दे. तो कचरला, “आमच्या आमच्यात भांडणं लावू नका.” मी म्हटलं, कोण चुकलं ते लिहू नकोस, काय दिसलं ते लिही. त्याने तारीख, किलोमीटर आणि तीन ओळी लिहिल्या: फॅन फिरत नव्हता, रिले बदलल्यावर फिरला, कुलंटमध्ये जळलेला वायू आढळला नाही. दुसरं मत एवढंच आणि असंच हवं. ‘आधीच्यांनी फसवलं’ असं लिहिलेला कागद समोरचा दुश्मनी म्हणून उडवून लावतो. खराब रिले मी पिशवीत घालून ठेवला. बदललेले जुने पार्ट परत मागायचे हे गाडी सोडतानाच कार्डवर लिहा. अल्टरनेटरसारखे काही पार्ट बदल्यात जमा करावे लागतात. त्यांचा किमान फोटो घ्या. बिलात पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, पार्ट नंबर आणि किलोमीटर हवेतच. ‘इंजिन काम’ असं एका ओळीत लिहिलेलं बिल हे बिल नव्हे.

पहिल्या गॅरेजला मी लिहिलं ते जवळजवळ जसंच्या तसं देते:

‘अमुक तारखेला गाडी उभी असताना तापते अशी लेखी तक्रार दिली. आपल्या निदानानुसार वॉटर पंप बदलला. तक्रार कायम राहिली. सोबत दुसऱ्या मिस्त्रीची नोंद व फोटो जोडले आहेत. पंपाच्या कामाची मजुरी व पार्टची रक्कम परत मिळावी. जुना रिले व गाडी आपल्याला केव्हाही तपासता येईल. चौदा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’

थर्मोस्टॅटचा उल्लेख नाही हे लक्षात आलं असेल. तो माझा हुकूम होता. जे आपलं चुकलं ते मागणीत घुसडलं की बाकीच्या मागणीचंही वजन जातं. फसवणूक, लूट, बघून घेईन असले शब्दही नाहीत. उत्तर बाराव्या दिवशी आलं. मजुरी परत, पार्टची रक्कम नाही, कारण पंप नवा आहे आणि गाडीतच आहे. मी मान्य केलं. नऊ वर्षांचा पंप आज ना उद्या बदलावा लागलाच असता.

तुमच्याकडे एवढ्यावर मिटलं नाही तर एक चूक टाळा. बिल न देता गाडी काढून नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क गॅरेजला असतो, आणि मग तुमची तक्रार बाजूला राहून तुमच्यावरच तक्रार होते. बिलावर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहा, सही करा, फोटो घ्या, पैसे शक्यतो बँकेच्या कार्डने द्या. मग त्रयस्थ तपासनिसाचा अहवाल घ्या आणि ग्राहक तक्रारीची जी यंत्रणा असेल तिच्याकडे जा.

विकणाऱ्याचं काय, असं मला सगळ्यांनी विचारलं. त्याच्याबाबतीत वेळ महत्त्वाची. बिघाड दिसला की दुरुस्तीआधी त्याला लेखी कळवा आणि बघायची संधी द्या. आधी दुरुस्त करून मग पैसे मागितलेत तर पुरावा तुम्हीच पुसलात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा, विक्री झाली की ती गायब होते. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच यांच्या झिजेवरून भांडू नका, जुन्या गाडीत ते गृहीतच असतं. बिघाड विक्रीच्या दिवशी होता आणि त्याला तो ठाऊक होता, एवढंच दाखवायचं असतं. त्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यातले जुने कागद सगळे वाचा. लोक ते काढायला विसरतात. माझ्या कप्प्यात काहीच निघालं नाही, त्यामुळे मी तो विषय सोडला. चॅसी नंबर घालून कंपनीकडे रिकॉल, म्हणजे सदोष पार्टसाठी गाडी परत बोलावली आहे का, ते मात्र बघून घ्या. टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांसाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, पण रिकॉलचं पत्र बऱ्याचदा जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं.

काढलेला थर्मोस्टॅट मी मागून घेतला होता. एका रविवारी भंगारातल्या पातेल्यात (स्वयंपाकाच्या नव्हे, कुलंट विषारी असतं) पाणी तापवून तो दोऱ्याने आत सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. त्याच्या कडेला ८२ आकडा कोरलेला. ऐंशीला काही नाही. ब्याऐंशी ओलांडलं आणि मधली चकती हळूच वर उचलली गेली. पाणी उकळेपर्यंत तो पूर्ण उघडला होता.