टीव्ही आपोआप बंद होतोय? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा
टीव्ही सारखा बंद पडत असेल तर आधी किती वेळानं पडतोय ते बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतंय. ठराविक वेळानं जात असेल तर सेटिंगमध्ये स्लीप टायमर चालू राहिलेला असतोय, पोरं रिमोटशी खेळली की हमखास. सेटटॉप बॉक्स बंद केल्यावर टीव्हीपण जातोय? सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी, म्हणजे एक बंद केलं की जोडलेलं दुसरंपण बंद करणारी सोय, ऑफ करा.

कधीही जात असेल तर एक्स्टेंशन बोर्ड सोडून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. आमच्या तासगावकडं बागेच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतंय, मग टीव्ही बिचारा काय करणार, स्टॅबिलायझर घ्या. तापून जात असेल तर प्लग काढून मागच्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडा.

पण चालू केल्या केल्या जातोय आणि लाल लाईट ब्लिंक होतीय, तर बऱ्याचदा पॉवर सप्लायचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला असतोय. मागचं झाकण स्वतः उघडू नका ओ, प्लग काढला तरी आत करंट राहतोय! लाईट किती वेळा ब्लिंक होतीय तेवढं मोजून मेकॅनिकला सांगा, बऱ्याच मॉडेलात तोच एरर कोड असतोय.