दुष्काळी उन्हाळ्याच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात

आमचे गाव बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, मांजरा नदीच्या काठापासून थोडे आत आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मी शिक्षणासाठी लातूरला भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि ज्या मांजरा धरणातून लातूरला पाणी येते ते धनेगावचे धरण कोरडे पडले होते. सुट्टीत गावी गेले की आजी बाहत्तरच्या दुष्काळाविषयी बोलत असे, म्हणून मी एका वहीत तिचे बोलणे उतरवायला सुरुवात केली. ती पहिली वही आज वाचते तेव्हा तिचा काहीच उपयोग होत नाही, कारण तिच्यात "लोकांचे फार हाल झाले", "पाणी मिळत नव्हते", "ऊन खूप होते" अशीच वाक्ये भरलेली आहेत, आणि ती कोणत्याही गावाला, कोणत्याही सालाला लागू पडतात. पुढच्या दोन वर्षांत मी प्रश्न विचारण्याची रीत बदलत गेले. बाहत्तरला जे विशीत होते ते आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. ज्यांच्या घरात असे माणूस आहे, किंवा ज्यांना स्वतःचा 2013, 2016 किंवा 2019 चा उन्हाळा लिहून ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी ती रीत येथे देत आहे.

पहिले काम साल नक्की करण्याचे आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. सगळे "बाहत्तरचा दुष्काळ" म्हणतात, पण पाऊस गेला तो 1972 च्या पावसाळ्यात. अनेक भागांत त्याआधीची एकदोन वर्षेही कमी पावसाची गेली होती. घरातले धान्य संपले आणि माणसे खडी फोडायला गेली तो मुख्य उन्हाळा मात्र 1973 चा होता. त्याचप्रमाणे 2016 च्या उन्हाळ्याचे मूळ 2015 च्या कोरड्या पावसाळ्यात आहे. म्हणून उन्हाळ्याची गोष्ट चैत्रापासून सुरू करू नये. आदल्या वर्षीच्या रोहिणी नक्षत्रापासून, म्हणजे मे अखेरीपासून सुरू करावी. जुन्या माणसाला "कोणत्या महिन्यात?" असे विचारले तर उत्तर अडते; त्याऐवजी मृग पडला होता का, पेरणी कोणत्या नक्षत्रावर झाली, दुबार पेरणी करावी लागली का, पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस आला का, हस्ताने काय केले, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे आजीने एकही क्षण न थांबता दिली. तिला सन आठवत नव्हता, पण मघा कोरड्या गेल्या आणि ज्वारीचे ताट गुडघ्याएवढे होऊन पिवळे पडले, हे तिला स्पष्ट आठवत होते. सनासाठी घरातली जन्मे, लग्ने आणि मृत्यू यांचा आधार घ्यावा: "तेव्हा काका पाळण्यात होता की चालत होता?" एवढ्या एका प्रश्नाने दोन उन्हाळे वेगळे करता येतात.

वेगळे करावे लागतात, कारण अनेक दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या मनात ते एकमेकांत मिसळलेले असतात. आजी एकदा बाहत्तरचे म्हणून टँकरमागे धावणाऱ्या बायकांचे वर्णन करू लागली, आणि त्यात निळी प्लॅस्टिकची घागर आली. आमच्या घरात बाहत्तरला तांब्यापितळेची आणि मातीची भांडी होती, त्यामुळे ते दृश्य नंतरच्या कोणत्या तरी उन्हाळ्यातले होते हे लक्षात आले. अशा वेळी चूक दाखवू नये, फक्त नोंदीच्या बाजूला खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी वस्तूंविषयी विचारावे. घागर कशाची होती? गावात पहिला हापसा कधी बसला? पहिली बोअर कोणी घेतली? हापशाचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो, कारण मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत त्याआधीचे आणि नंतरचे पाणी अशी सरळ विभागणी लोकांच्या मनात असते. आपल्याकडचा नेहमीचा लोखंडी हातपंप तयार होण्याआधी त्याचे जुने नमुने जालना आणि सोलापूर येथेच घडले होते, हे मला फार उशिरा समजले, आणि तेव्हापासून मी हा प्रश्न कधी चुकवत नाही.

साल ठरले की दुःखाविषयी न विचारता पाण्याच्या मापाविषयी विचारावे. "कसे दिवस काढले?" या प्रश्नाला माणूस ठरलेले उत्तर देतो. "सकाळी किती खेपा व्हायच्या?" या प्रश्नाला तो विचार करून उत्तर देतो, आणि विचार करताना त्याला वाट, सोबतीण, घागरीखालची डोक्यावरची चुंबळ, विहिरीचा काठ, सगळे दिसू लागते. आजी म्हणाली, "पानी व्हतं, पर खायला काईच नव्हतं." मराठवाड्यात हे वाक्य अनेक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ऐकू येते: बाहत्तरला धान्याचा दुष्काळ होता आणि आताचा पाण्याचा आहे. मी ते लिहून घेतले, पण तेथेच थांबले नाही. पाणी होते म्हणजे कोठे होते, असे विचारल्यावर कळले की गावातला आड आटला होता आणि बायका नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीने पाणी भरत होत्या. एक घागर भरायला किती वेळ लागे, हे तिने ओवीच्या मापाने सांगितले. तेवढ्या वेळात किती ओव्या म्हणून होत, हे तिच्या ध्यानात होते. घड्याळ नसलेल्या घरातला हा काळ मी मिनिटांत बदलला नाही, तसाच ठेवला.

भांड्यांचे माप मात्र घ्यावे. घरात जुना हंडा किंवा कळशी शिल्लक असेल तर लिटरच्या बाटलीने ती भरून पाहावी. आमच्या हंड्यात 14 लिटर पाणी बसले. पाच माणसे, दोन बैल, एक म्हैस आणि रोजच्या चार खेपा एवढे कळल्यावर कागदावर हिशेब मांडता आला, आणि त्या हिशेबाने मला जे दाखवले ते तिच्या कोणत्याही वाक्याने दाखवले नव्हते: म्हशीला पाजल्यावर माणसांच्या अंघोळीला काहीच उरत नव्हते.

स्वतःच्या आठवणींनाही हीच शिस्त लावावी. 2016 च्या लातूरविषयी मी आधी लिहिले होते की "रेल्वेने पाणी आले". त्या जागी आता असे लिहिले आहे: मिरजेहून निघालेली पहिली गाडी 12 एप्रिल 2016 रोजी पहाटे लातूरला पोहोचली, तिला 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, त्या राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत धुऊन घेतलेल्या होत्या, आणि त्यांतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले, पुढे 50 वाघिणींची गाडी सुमारे 25 लाख लिटर आणू लागली. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचे कलम 144 लावले गेले होते. हे सर्वांना ठाऊक असलेले झाले, आणि ते चार ओळींत संपवावे. त्याच्या शेजारी फक्त आपल्याला ठाऊक असलेले लिहावे. आमच्या खोलीत तिघी मुली होतो आणि 200 लिटरचे एकच पिंप होते. आम्ही परातीत बसून अंघोळ करत असू, ते पाणी बादलीत भरून त्यात कपडे भिजवत असू, आणि कपड्यांचे पाणी शौचालयासाठी ठेवत असू. तांदूळ धुतलेले पाणी घरमालकीणबाई त्यांच्या तुळशीला मागून नेत. टँकर रात्री दीड वाजता आला तर जिना उतरताना दिवा न लावण्याचे आम्ही ठरवले होते, कारण उजेड पाहून शेजारची गल्ली जागी होत असे. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटली, आणि म्हणूनच ती लिहिली पाहिजे असे मला वाटले.

उन्हाचेही तसेच करावे. तापमानाचा आकडा ठाऊक असेल तर द्यावा, पण ऊन माणसांच्या वागण्यातून लिहावे: अनवाणी पायांनी किती वाजेपर्यंत चालता येई, दुपारी कोणाच्या ओट्यावर सावली असे, पत्र्याच्या घरातली माणसे कोठे जाऊन बसत, रात्री अंगणातली बाज किती वाजता गार होई. आजीने सांगितले की खडी फोडताना हातोडीचा दांडा ती मधूनमधून पदराखाली ठेवत असे, कारण उन्हात ठेवलेला दांडा पुन्हा धरवत नसे.

या कामाविषयी सविस्तर विचारावे, कारण त्या उन्हाळ्याचा मोठा भाग त्यातच गेला. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना 1972 मध्ये सुरू झाली आणि तिचा कायदा 1977 मध्ये झाला, पण ज्यांनी काम केले त्यांच्या तोंडी "दुष्काळी काम" किंवा "खडीवर जाणे" असेच शब्द असतात, तेच लिहावेत. कोणता रस्ता, कोणता पाझर तलाव, कोणता नालाबांध, हे विचारावे आणि शक्य असेल तर त्या माणसाला तेथे घेऊन जावे. मी आजीला तिच्या रस्त्यावर नेले. घरी सहा महिने न सांगितलेल्या गोष्टी तिने तेथे अर्ध्या तासात सांगितल्या: कोणत्या बाभळीला पोराची झोळी बांधली होती, मुकादम हजेरी घेताना कोठे उभा राहत असे, कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक खाऊ, घेण्यासाठी रांग कोणत्या बाजूने लागे, आणि अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापताना कशी तुटत असे. बाभूळ आता तेथे नाही, पण जागा तिने पाय आपटून दाखवली.

काही गोष्टींवर माणूस गप्प होतो. भूक, गहाण ठेवलेले डोरले, गाव सोडून जाणे आणि दावणीचे जनावर, या चार विषयांवर मला हा अनुभव आला. 2013 नंतरच्या दुष्काळांत चारा छावण्या होत्या, तरी तेथेही जनावराजवळ राहण्यासाठी घरातल्या कोणाला तरी महिनोन्महिने छावणीत मुक्काम करावा लागला. बाहत्तरला आमच्या घरी तेवढाही मार्ग नव्हता, कडबा संपला तेव्हा छपराचे पाचट काढून म्हशीपुढे टाकले होते. बैलांचे काय झाले, असे मी विचारले आणि आजी उठून आत गेली. अशा वेळी ध्वनिमुद्रण बंद करावे आणि प्रश्न पुन्हा विचारू नये. वहीत फक्त एवढे लिहावे की येथे त्या बोलल्या नाहीत.

तोंडी आठवणीला कागदाची जोड देता येते, आणि ती खेड्यातच मिळते. दुष्काळात जमीन विकली गेली असेल तर तिची नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, तारखेसह असते. मुले शाळेतून गेली असतील तर ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दिसते. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत होती का, हे तहसीलमध्ये विचारता येते. त्या काळच्या बातम्यांसाठी जुन्या वृत्तपत्रांचे खंड पाहावेत. आमच्या भागासाठी अनंत भालेराव संपादक असलेले दैनिक "मराठवाडा" महत्त्वाचे आहे. कागद आणि आठवण जुळली नाही तर कागदासाठी आठवण खोडू नये. आमच्या फेरफारावरील तारीख आजीच्या सांगण्यापेक्षा नऊ महिने नंतरची निघाली. व्यवहार तोंडी आधी झाला आणि नोंद नंतर झाली, हे मला शेजारच्या काकांनी समजावले. दोन्ही तारखा मी ठेवल्या आहेत.

लिहिताना बोलणाऱ्याची भाषा सुधारू नये. "व्हतं"चे "होते" केले की वाक्य शुद्ध होते, पण ते आजीचे राहत नाही. आपले निवेदन प्रमाण भाषेत ठेवावे आणि तिचे शब्द अवतरणात जसेच्या तसे द्यावेत. सुकडी, झिरा, चुंबळ यांसारख्या शब्दांचा अर्थ पहिल्यांदा येतील तेथेच वाक्यातून कळेल असे पाहावे. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात नोंदवावे, आणि मोबाइलमधील प्रत त्याच आठवड्यात दुसरीकडे ठेवावी. माझा एक मोबाइल बिघडला तेव्हा त्यातला मोठ्या मामांचा दीड तास गेला, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत मामाही राहिले नाहीत.

सगळे लिहून झाल्यावर ते बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवावे. हे काम टाळू नये. मी आजीला दोन दुपारी वाचून दाखवले. तिने खेपांची संख्या दुरुस्त केली, एका बाईचे नाव काढायला लावले, आणि मी ते लगेच काढले. चुलत्यांनी सांगितल्यावरून मी लिहिले होते की दुष्काळात दोन्ही बैल बाजारात विकले. तेथे तिने मला थांबवले. "एकच इकला," ती म्हणाली. "दुसरा दावणीलाच गेला. तेवढं नीट लिही." मी तिच्यासमोर ते वाक्य बदलले, आणि तिच्या सांगण्यावरून त्या बैलाचे नावही लिहिले.