स्वतःच्या वेबसाइटचं होस्टिंग: खरी मेख डीएनएसमध्ये

डोमेन, म्हणजे ब्राउझरमध्ये टाइप करतो ते साइटचं नाव, स्वतःच्या नावावर घ्या. वेबसाइट करून देणारा भाचा असो की नौपाड्यातला डिझायनर, त्याच्या खात्यात डोमेन ठेवू नका. खात्याला ईमेल जोडाल तोही त्याच डोमेनचा नको. डोमेनची मुदत संपली तर सूचनाच पोचणार नाही. ‘पहिलं वर्ष फुकट’ दिसलं की आधी दुसऱ्या वर्षाचा दर आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी बघा.

होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा, शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेक साइट्स) पुरे. वाचक इथलेच असतील तर सर्व्हरचं ठिकाण मुंबई निवडा. ही मुंबई बरेचदा नवी मुंबई असते. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती ठाणे-बेलापूर रोडवरून जाता-येता दिसतातच. फाइली पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये चढवा.

आता डीएनएस, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही. मलाही सुरुवातीला इथेच घाम फुटायचा, कारण जो तो एकच सल्ला देतो: ‘नेमसर्व्हर बदला आणि ४८ तास थांबा.’ ऐकू नका. नेमसर्व्हर म्हणजे या नोंदी ठेवणारा सर्व्हर. तो बदलला की डोमेनच्या सगळ्या नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात, आणि तिथे तुमची एमएक्स नोंद (ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी) असेलच असं नाही. घोडबंदर रोडवरच्या एका क्लासवाल्या बाईंना होस्टिंग कंपनीच्या मदतकेंद्राने हेच करायला लावलं. साइट झकास उघडली, पण पालकांचे ईमेल यायचे बंद झाले, आणि हे कळलं कधी, तर एक पालक भांडायला आले तेव्हा.

नेमसर्व्हर आहेत तिथेच राहू द्या, फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा आकडी (आयपी) पत्ता सांगणारी नोंद, बदला. आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा, बघा. तिथे १४४०० असेल तर ते सेकंद, म्हणजे ४ तास. जुना पत्ता तेवढा वेळ लोकांकडे साठून राहू शकतो. टीटीएल ३०० करून ठेवा. दुसऱ्या दिवशी ‘@’ (म्हणजे मूळ डोमेन) नावाच्या ए रेकॉर्डमध्ये होस्टिंगने दिलेला आयपी पत्ता टाका आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी मूळ डोमेनकडे बोट दाखवणारी सीनेम नोंद करा.

पार्किंगचा, म्हणजे साइट नसताना दिसणाऱ्या तात्पुरत्या पानाचा, जुना ए रेकॉर्ड मात्र उडवा. तो राहिला तर साइट कधी उघडते, कधी ‘हे डोमेन विक्रीला आहे’ असं पान येतं, आणि तुम्ही उगाच होस्टिंगला शिव्या घालत बसता. चार वेळा ए लिहिलेली जुनी नोंद दिसली तर तीही काढा. ती आयपीव्ही६ची (नव्या, लांब आयपी पत्त्याची) असते आणि पुढे एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, अडवते.

४८ तासांचं म्हणाल तर डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, तिथून हा आकडा आला. ए रेकॉर्डला त्याचं काय! मात्र डोमेनला नवीन नाव (पुढे जोडलेलं उपनाव) जोडत असाल तर नोंद करण्याआधी ते ब्राउझरमध्ये उघडून बघण्याची घाई नको. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि मग नोंद बरोबर असूनही तुम्हाला काही दिसत नाही.

बदल झाला का ते ब्राउझरला विचारू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) लिहून पुढे डोमेन आणि ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) द्या. नवा आयपी आला, तरी घरी जुनंच पान दिसतंय? वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे साइट दिसली तर घोळ घरच्या राउटरचा किंवा इंटरनेटवाल्याचा, तुमचा नाही.

एसएसएल त्यानंतरच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, होस्टिंगचं पॅनेल ते आपोआप नवं करत राहतं. त्यासाठी वर्षाचे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पण डोमेन नव्या सर्व्हरकडे वळण्याआधी प्रमाणपत्राचं बटण दाबत बसलात तर तासाभरात ५ प्रयत्न फसल्यावर काही वेळ दार बंद होतं.

एचटीटीपीएसची (कुलूपवाल्या सुरक्षित पत्त्याची) सक्ती चालू करा, टीटीएल पुन्हा वाढवा, आणि बॅकअपची एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. होस्टिंगवाल्याकडचा बॅकअप बरेचदा साइटच्याच खात्यात असतो. खातं बंद पडलं की तोही गेला.