एंट्री फॉर्म भरण्याआधीचे कागद

ऑटोक्रॉसचा (मोकळ्या मैदानातल्या मातीच्या ट्रॅकवरची वेळेची स्पर्धा) किंवा रॅलीचा एंट्री फॉर्म हातात आला की आपण आधी टायरचा हिशोब मांडतो. तो जरा थांबवा आणि गाडीची पॉलिसी काढा. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि नो क्लेम बोनस राहू द्या, गाडीचा वापर कशासाठी करता येईल ते सांगणाऱ्या चार ओळी शोधा. खासगी मोटारीच्या पॉलिसीत तिथे लिहिलेलं असतं, की भाड्याने देणं, मालवाहतूक, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा टिकाऊपणा पाहणारी चाचणी) यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. म्हणजे स्टार्टचा झेंडा पडला की फुल इन्शुरन्सचा कागद फक्त कागद राहतो.

'आम्ही फक्त टीएसडी (ठरवून दिलेला सरासरी वेग आणि वेळ पाळायची रॅली) करतो, त्यात वेग कुठे असतो' असं म्हणणाऱ्यांनी यादीतला शेवटचा शब्द पुन्हा वाचावा. मात्र त्यांच्यासाठी एक वाट आहे. मोटार टॅरिफमध्ये आयएमटी ३१ हे एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं पुरवणी कलम) रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठीच आहे. जादा प्रीमियम भरून इव्हेंटचं नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक त्यात लिहून घेता येतात. शाखेतल्या माणसाने हा नंबर बहुधा ऐकलेला नसतो, म्हणून तोंडी न विचारता नंबरासकट मेल टाका, तोही महिनाभर आधी. पण त्या एंडॉर्समेंटमध्येही शर्यत आणि वेगचाचणी बाहेरच राहते, त्यामुळे स्पेशल स्टेज (बंद रस्त्यावर वेळ लावून पळायचा टप्पा) असलेल्या रॅलीला ते पुरणार नाही. आणि 'पैसे नंतर द्या, मी करून ठेवतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर स्टार्ट लाइनला जाऊ नका. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही.

गाडीचं नुकसान सोसता येतं. जुनी एस्टीम उलटली तर पत्रा बदलतो, महिनाभर घरी बोलणी खातो, संपलं. माणसाला लागलं तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण त्याच कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला काही बचाव दिलेले आहेत आणि पॉलिसीने ऑर्गनाइज्ड रेसिंग व स्पीड टेस्टिंग वगळलेलं असणं हा त्यातला एक. जखमीच्या कुटुंबाने दावा लावला आणि कंपनीचा बचाव टिकला, तर पैसे मालकाने आणि चालकाने द्यायचे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक मोटारसायकल आली, तिला रॅलीची गाडी धडकली आणि एकाच घरातले तिघे गेले. त्या स्टेजवर जगातले अनुभवी लोक होते. आपल्या तालुक्याच्या माळरानावरच्या ट्रॅकला दोरी किती ठिकाणी बांधलेली असते, ते आपण सगळे जाणतो.

म्हणून आयोजकाकडे त्याच्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीची (इतरांच्या इजा-नुकसानीच्या भरपाईचा विमा) प्रत मागा. 'इन्शुरन्स आहे ना' एवढं विचारून थांबू नका, कारण उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. प्रत हातात आली की बघा: एका अपघाताला मर्यादा किती, विमाधारकांत स्पर्धक आणि टीम धरले आहेत का, की फक्त क्लब. एका स्पर्धकाने दुसऱ्यावर केलेला दावा वगळला आहे का. तारखांत रेकी (आधी मार्ग पाहून घेण्याची फेरी) आणि सरावाचा दिवस येतो का. हा शेवटचा प्रश्न मी एकदा विचारायला विसरलो होतो. सरावाच्या दिवशी काही झालं नाही हे नशीब. एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ) परवानगी असलेल्या इव्हेंटमध्ये ही कागदपत्रं मागितली तर कोणी वेड्यात काढत नाही. जिथे काढतात, तिथली एंट्री फी वाचवा.

एंट्री फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत इंडेम्निटी, म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, असते. ती एंट्रंट (गाडी स्पर्धेत उतरवणारा) म्हणून ज्याची सही असते त्याच्या अंगावर येते. टीम म्हणजे नोंदणी नसलेले पाच मित्र असतील, तर 'टीम' नावाचा कोणी कोर्टात उभा राहत नाही, गाडी ज्याच्या नावावर आणि सही ज्याची, तो राहतो. कोण कशाला जबाबदार आणि कोणाचा किती वाटा, हे एका कागदावर आधीच लिहून घ्या. मित्रांत असले कागद कशाला, असं वाटतं खरं. शिवाय ती सही फक्त सही करणाऱ्यालाच बांधते. इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्सच्या १९३० च्या अपघातानंतर अपील न्यायालयाने ट्रॅकच्या मालकांना मोकळं केलं, कारण प्रेक्षक धोका ओळखूनच शर्यतीला आला होता. पण आपल्याकडे बांधावर उभा राहून धुरळा बघणाऱ्या शेतकऱ्याने तिकीटही काढलेलं नसतं आणि सहीही केलेली नसते. अठरा वर्षांखालचा मुलगा गाडीत बसणार असेल तर त्याच्या सहीला करार म्हणून किंमत नाही. पालकांशी समोरासमोर बोला.

आता स्वतःची हाडं. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे ठरावीक अपवादाचं कलम असतं, त्यात मोटर रेसिंगचं नाव आहे, पण 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे शब्द आहेत. त्या शब्दांप्रमाणे हौशी माणसाचा हॉस्पिटलचा खर्च मिळायला हवा. पण बक्षिसाची रोख रक्कम घेतली, दारावर गॅरेजचा स्टिकर लावला, की वाद घालायला जागा मिळते. कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीत मात्र रेसिंग सरसकट वगळलेलं सापडू शकतं. त्यात समावेश लेखी करून घ्या किंवा दुसरी पॉलिसी शोधा. जीवन विम्याच्या प्रपोजलमध्ये धोकादायक छंद विचारतात, तिथे 'नाही' लिहू नका.

गाडीत रोल केज (गाडी उलटली तरी माणसं वाचावीत म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा) किंवा दुसरे बदल असतील तर आरसी आणि विमा दोन्हीकडे कळवलेलं असू द्या. रोजची गाडी आणि शर्यतीची गाडी एकच असलेल्यांना हे नको वाटतं. मलाही वाटायचं. एका एजंटाने तर एकदा मला सल्ला दिला होता, 'घाटात आदळली म्हणून सांगा.' दारावर स्पर्धकाचा नंबर आणि आत सहा पॉइंटचा हार्नेस असलेली गाडी सर्व्हेअरला घाटातली म्हणून दाखवायची!

मेकॅनिक पगारी असेल तर कामावर लागलं म्हणून भरपाई मालकाकडे येते. त्याचा विमा वेगळा मिळतो, प्रीमियम पगारावर ठरतो. फुकट येणाऱ्या मित्रासाठी तो चालत नाही, त्याला पर्सनल अॅक्सिडेंटमध्येच बसवावं लागतं. आणि पहाटे पाचला बंद न केलेल्या रस्त्यावर टायमिंग काढायला जाणार असाल, तर वर लिहिलेलं काहीच कामाला येणार नाही. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

काही घडलंच तर आधी जखमीला हॉस्पिटल, मग फोटो, मग पोलीस आणि विमा कंपनी, सगळं चोवीस तासांच्या आत. भोवती गर्दी जमते, कोणीतरी म्हणतं, 'वीस हजार देऊन मिटवा.' उपचाराचा खर्च उचला, पण 'चूक माझी' असं कुठेही लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, अशी अट पॉलिसीत असते.

या सगळ्याच्या प्रती, रक्तगट आणि घरचे नंबर यांची फाइल गाडीत ठेवू नका. गाडी उलटली की फाइलही उलटते. आमची सर्व्हिस व्हॅनमध्ये, चहाच्या थर्मासशेजारी असते, कारण थर्मास कोणी विसरत नाही.