आरओ मेंब्रेन लॅबमध्ये बनवताय? रोलरवर लक्ष द्या

खारं पाणी गोड करणाऱ्या मेंब्रेनमध्ये मीठ अडवते ती फक्त वरची पॉलिअमाइडची साय, जेमतेम 100-200 नॅनोमीटर जाड, खालचं सगळं तिला आधार द्यायला. 1970च्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट या केमिस्टने ही केमिस्ट्री बसवली आणि आजही बहुतेक सगळे तीच वापरतात.

आधी सपोर्ट, म्हणजे खालचा आधार. 15 ते 18 टक्के पॉलीसल्फोन (एक प्लास्टिक) डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा, बुडबुडे जाईस्तोवर ठेवून द्या, मग काचेवर पॉलिस्टरचं नॉनवोव्हन (न विणलेलं कापड) ताणून चिकटवा, कास्टिंग नाइफने (थर ओढायची पट्टी) साधारण 150 मायक्रॉनचा थर ओढा आणि लगेच पाण्यात बुडवा, बघता बघता पांढरा पडतो. डीएमएफ त्वचेतून आत जातं, ग्लोव्ह्ज आणि फ्यूमहूड पाहिजेच.

आता खरी गंमत. सपोर्टवर 2 टक्के एमपीडीचं (मेटा-फेनिलिनडायअमिन) पाणी ओता, दोन मिनिटं ठेवा (ताजंच घ्या, हवेने तपकिरी होतं), ओतून टाका आणि रबरी रोलर फिरवा. बहुतेकांचं इथेच फसतं कारण घाई, एखादा थेंब राहिला की तिथे साय धड बसत नाही, आणि फार कोरडं केलं तरी वाट लागते. तिरप्या उजेडात बघा, चकाकणारा थेंब दिसायला नको. मग हेक्झेनमधलं 0.1 टक्का टीएमसी (ट्रायमेसॉइल क्लोराइड) ओता, एमपीडीशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन साय बनते, एक मिनिट पुरे. टीएमसीला दमट हवा अजिबात चालत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नका. हेक्झेन हूडमध्ये पूर्ण उडू द्या, पेटतं ते, नंतरच 70-80 डिग्रीला ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं.

टेस्टिंगला क्रॉसफ्लो सेल घ्या (पाणी मेंब्रेनवरून वाहत राहतं), नुसत्या डेड-एंडमध्ये मीठ पृष्ठभागावर साचतं आणि रिझल्ट उगाच वाईट येतो. 2000 पीपीएम मीठ, 15.5 बार, 25 डिग्री. समुद्राच्या पाण्यासाठी 32000 पीपीएम, 55 बार. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन पॉलिअमाइड खातं. तासदोन तास प्रेशरखाली चालवून फ्लक्स (पाणी किती वेगाने पार होतं ते) स्थिरावला की मगच मोजा. समजा 42 चौरस सेंटिमीटरमधून अर्ध्या तासात 84 मिली आलं तर फ्लक्स 40 एलएमएच (दर चौरस मीटरला तासाला लिटर). फीडची (आत सोडलेल्या खाऱ्या पाण्याची) कंडक्टिव्हिटी 4000 मायक्रोसीमेन्स/सेंमी आणि गोड पाण्याची 80 असेल तर रिजेक्शन, म्हणजे अडवलेलं मीठ, साधारण 98 टक्के.

रिजेक्शन पडलं तर लगेच केमिस्ट्रीला दोष देऊ नका, फीडमध्ये थोडं रोडामिन बी (गुलाबी रंग) टाकून चालवा आणि मेंब्रेन उलटं करून बघा: मध्ये गुलाबी ठिपके म्हणजे साय फाटकी, कडेला गुलाबी कडं म्हणजे ओ-रिंग लीक.