नव्या इमारतीत पावसाच्या पाण्याची सोय कशी करावी

प्लॉट घेतला की आधी फ्लॅट किती बसतात याचा हिशेब होतो आणि पाण्याचा विचार थेट पहिल्या पावसात. तोवर खोदायला जागा उरलेली नसते. म्हणून पाण्याची आखणी इमारतीच्या नकाशाबरोबरच करा.

सुरुवात नियमापासून. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवे बांधकाम करताना पर्जन्यजल संधारणाची, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची अट आहे. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे, पण ही मर्यादा तिथेही तीच. प्लॉट नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी पाहून घ्या. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि सातबाऱ्यावर नसला तरी प्लॉटमधून ओढा वाहत होता का, हे गावातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा. बुजवलेला ओढा पावसाळ्यात आपली वाट शोधतोच.

मग पाणी मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची 400 चौरस मीटरची आणि पाऊस ताशी 50 मिलिमीटर धरला तर तासाला 20,000 लिटर. गच्चीवरून त्यातले साधारण 85 टक्के, म्हणजे 17,000 लिटर खाली येते. मुंबईचे जुने नाले ताशी 25 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले होते, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे नाले सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात पुढे ताशी 50 मिलिमीटर धरले गेले. वार्षिक सरासरीवर पाइप ठरवू नका. पाइप तुंबतो तो एका तासाच्या सरीने.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यानुसार 100 मिलिमीटर व्यासाचा पाइप ताशी 50 मिलिमीटर पावसात सुमारे 85 चौरस मीटर गच्चीचे पाणी नेतो. म्हणजे आपल्या गच्चीला पाच पाइप हवेत. ठेकेदार तीन म्हणेल. ऐकू नका. प्रत्येक तोंडावर जाळी बसवा आणि ढाळ पाइपांकडेच द्या.

आता शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खड्डा घेण्याआधी जमीन तपासा: एक छोटा खड्डा खणून पाण्याने भरा आणि पाणी किती वेळात मुरते ते पाहा. मुरूम असेल तर पटकन मुरते, काळी माती धरून ठेवते, अखंड काळ्या पाषाणावर खड्डा नुसता हौद होतो. अशा ठिकाणी साठवणीची टाकी बरी, किंवा बोअरचे पुनर्भरण, म्हणजे पावसाचे पाणी गाळून बोअरवाटे जमिनीत सोडणे. बोअरभोवती एक मीटर रुंद आणि किमान तीन मीटर खोल खड्डा घेऊन दगड, खडी आणि वाळू भरतात. थर असे: तळाला 5 ते 20 सेंटिमीटरचे दगड, मध्ये 5 ते 10 मिलिमीटरची खडी, वर जाड वाळू. वाळू वरच हवी, म्हणजे गाळ तिथेच अडतो आणि वरचा थर खरवडून काढता येतो. उलटे भरले तर गाळ तळाशी बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा निकामी होतो.

पहिल्या सरींचे पाणी धुळीचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे. ते बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा. पार्किंगमधले तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. शेजारच्या चार विहिरी त्याच पाण्यावर असतात.

खड्डा भरल्यावर जास्तीचे पाणी कुठे जाणार, हे नकाशावर बाणाने दाखवा. ते रस्त्याच्या पर्जन्यजलवाहिनीतच जायला हवे. ड्रेनेजच्या चेंबरला जोडले तर भर पावसात मैला तळमजल्याच्या मोरीतून वर येतो. जोते रस्त्यापेक्षा उंच ठेवा, पण भराव टाकून शेजाऱ्याच्या दारात पाणी ढकलू नका.

ताबा देताना सोसायटीला पाइपांचा, खड्ड्यांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा द्या. वाळू खरवडणे आणि जाळ्या साफ करणे हे काम दर मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्याआधी.